नावेतल्या वाती

माहेरी गेलेली बायको, कोकिळा, तिकडंच वारली, असा फोन आला तेव्हा वामनराव गोठ्यात नावेच्या सागवानी फळीला रंधा मारत होते. त्या दिवसापासून गोठ्याला कुलूप होतं. आज दारव्ह्याहून बोरी अरबला येताना ते एसटीत तोंडाला दुपट्टा बांधून बसले होते. मागच्या सीटवर गावातल्या दोन बाया बोलत होत्या.

"काय वं काकू, वामनराव अजून नाव बांधून राह्यले काय?"

"कायची बांधते? बाई गेली, काम थांबलं."

"पन आपल्याकडं समुद्र कुठी हाये? अडाण नदीत शीड लावनार होते?"

"ट्रकवर घालून मालवणले नेनार होते. मंग दोघंच समुद्रात."

"कोकिळाबाईले पोहता येत होतं?"

"नदीत पाय टाकाले भेत होती ते! तरी फळ्यायच्या फटीत ठोकाच्या कापसाच्या वाती तीच वळे. हातभर लांब."

"वाती कायले?"

"कापूस भिजून फुगला का पानी आत येत नाही म्हने. मी म्हनलं, त्यायले जाऊ दे एकटं. तं म्हने, माह्याच वाती हायेत त्यात, मले कायचं भेव?"

वामनरावांनी दुपट्टा सोडला आणि मागं वळले.

"काकू, मी घरी वाती वळून पायल्या. सुटून जाते. कोकिळा बोटाले काय लावे?"

"अगं माय! तुमी हा काय भाऊ?... राख. गोवरीची, चाळून."

नावेची डावी बाजू कोकिळेनं भरून दिली होती. उजव्या बाजूच्या फटी अजून मोकळ्या आहेत.