पाळणाघर बिल्कुल चालू है

तुम्हाला सांगते, आमच्या साहेबांना मराठी येत नाही म्हणूनच माझी नोकरी टिकलीय. पाळणाघरांचं धोरण तपासणारी खासदारांची समिती दिल्लीतल्या आमच्या ऑफिसात आली होती. साहेब छाती फुगवून म्हणाले, "हमारा क्रेश बिल्कुल चालू है."

माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचून समितीतल्या एक खासदारताई मराठीत म्हणाल्या, "तुझं लेकरू इथंच असतं का गं?"

"हो ताई. पण आज नोएडात शेजारणीकडे ठेवलंय."

"का? बरं नाही?"

"ठणठणीत आहे. पाळणाघरात आज तुमचं जेवण मांडलंय."

साहेब घाबरले. "मॅडम, क्या कह रही है ये?"

ताई गोड हसल्या. "यही, कि क्रेश बिल्कुल चालू है. बस, आज बच्चे हम हैं."