डब्याला करडीचं तेल

रंजीता : शेषरावकाका, ट्रॅक्टरला पुन्हा एकदा ताणायला सांगू?

शेषराव : किती खेप ताणसान, म्याडम? दोर तुटला. डबा हालून नाई राह्यला.

रंजीता : आश्चर्य वाटतं. शकुंतला रेल्वेच्या जुन्या गाडीचा हाच एक डबा धड राहिला, तो तुम्ही हलवत होता म्हणून. तेवढ्यासाठी तर आमच्या संग्रहालयानं तो मागून घेतला.

शेषराव : गाडी बंद झाल्यापासून दर पुनवेले पहार लावून सरकवला याले. हातभर. एका पुनवेले म्होरं, दुसऱ्या पुनवेले मांगं. लोखंड एका जाग्यावर बसलं का त्याले उठाची याद राह्यत नाई.

वच्छला : च्या घ्या बाई. तुमचा ट्रेलरच इथवर काहून नाई आनत?

रंजीता : काळी माती ओली आहे, काकू. रुतेल. डबाच रुळावरून फाटकापर्यंत न्यायचा, तिथं क्रेन उभी आहे.

वच्छला : अन् नाई हालला तं? राहीन इथंच. मी लगीन होऊन कारंज्याले आली ते याच डब्यात. सतीश पोटात होता तवा माहेरी गेली, ते बी याच्यातच. घरून दिसते तं बरं वाटते.

रंजीता : इथं नाही राहणार, काकू. यार्ड मोकळं करायचा हुकूम आहे. रुळावर जे उरेल ते गॅसनं कापून भंगारात जाईल. आज निघाला तरच वाचला.

वच्छला : कापतीन?

शेषराव : तुकडे करतीन. तुले माईत नव्हतं?

वच्छला : मले कोन सांगते? मले वाटलं, नाई हालला तं आपल्यापाशी राह्यते.

रंजीता : काका, चाकाची ही तेलाची पेटी उघडून पाहिली मी. आत तेल नाहीच. पिवळा, चिवट थर बसलाय. तुम्ही यात काय घालत होता?

शेषराव : ग्यारेजातलं तेल. पन गुडघ्याचं आपरेशन झालं तवापासून मी घरातच पडून. सरकवनं तं बंदच पडलं. हिले म्हटलं, पुनवेले विहारात जातच असते, येता येता तेल तेवढं टाकत जाय. वच्छला, टाकलं ना?

वच्छला : एक बी पुनव चुकवली नाई.

शेषराव : कोनतं तेल?

वच्छला : घानीचं. करडीचं.

रंजीता : करडीचं तेल वाळतं, काकू. रंगासारखं घट्ट होतं.

वच्छला : यायच्या क्यानीतलं तेल काळंकुट्ट, वास मारे. मी म्हटलं, ज्या तेलानं सतीशले चोळलं ते याले काहून नोको? आमी भाजीत पामतेल खाल्लं अन् घानीचं याच्या पेट्याईत ओतलं.

शेषराव : तरी म्हटलं, वर्सभर फोडनीले चव काहून नाई.

वच्छला : पेटी उघडली तवाच समजली मी. बोलली नाई. वाटलं, अडला तं अडू द्या. कापतीन हे कुठं माईत होतं? बाई, निघते का तो थर?

रंजीता : डिझेलनं सुटेल. वेळ लागेल, पण सुटेल.

शेषराव : मंग चाल, वच्छला. तुह्या हातानं बसवलं ना, तुह्याच हातानं काढू. जुनी लुगडी आन पुसाले.

(उन्हं कलली आहेत. सगळ्या पेट्या डिझेलनं धुऊन, पुसून, नवं तेल घालून झालं आहे. ट्रॅक्टरला नवा दोर बांधला आहे.)

शेषराव : पहार चाकाखाली घाल. अजून आत. आता हातानं नोको दाबू, अंगाचं वजन टाक. म्याडम, तुमी बी.

वच्छला : टाकलं.

शेषराव : अजून.

रंजीता : काका, आवाज आला.

शेषराव : येऊ द्या, सुटून राह्यला. ट्रॅक्टरवाल्याले म्हना हळूच घे. झटका नोको देऊ.

वच्छला : हालला, ओ. हालला तो.

शेषराव : हाव. आता फाटकापावतर थांबू नोका.

रंजीता : संग्रहालयात छपराखाली ठेवू, काका. पाऊस लागणार नाही.

शेषराव : चाकं सिमेटात गाडसान का?

रंजीता : नाही. खाली रूळ आहेत, थोडेच, पण आहेत. पौर्णिमेला हलवू आम्ही.

शेषराव : हातभर. एकदा म्होरं, एकदा मांगं.

रंजीता : आणि तेल गॅरेजचंच. येते मी, काकू. क्रेनवाला खोळंबलाय.

वच्छला : या, बाई. जपून न्या.

शेषराव : गेला.

वच्छला : गेला. कापला तं नाई.

शेषराव : येत्या पुनवेले म्या काय करू वं, वच्छला?

वच्छला : माह्यासंग विहारापावतर चाला. नाई जमलं तं फाटकापावतर. एका जाग्यावर बसू नोका.

शेषराव : अन् गुडघा अडला तं?

वच्छला : गुडघ्याले करडीचं चालते.