चौऱ्याण्णव टक्के यंत्र, उरलेले बाबा

...आणि वर बाबा मलाच विचारतात, 'यात तुझा हात नाही ना?' माझा हात! अहो, मोबाईलच्या दुकानात दिवसभर लोकांच्या फोनवर काचा चिकटवून बोटांची सालं निघालीत माझी, तो हात मी बाबांच्या लेखात कशाला घालू? पण कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा म्हटलं की घरातल्या सगळ्या गुन्ह्यांचा पहिला संशयित तोच. नळ गळला, तू. इस्त्री जळाली, तू. बाबांचा लेख परत आला... तूच!

तर झालं काय, तुम्हाला सांगतो. बाबा मुख्याध्यापक. म्हणजे निवृत्त झालेत, पण ते शाळेतून. घरात अजून तास चालू आहेत. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार, आणि तिच्या पहिल्या पानावर आपला फोटो आणि खाली आपला लेख, हे बाबांचं एकमेव उरलेलं स्वप्न. (आधीचं स्वप्न मी होतो. ते जाऊ दे.) दार लावून लिहिला लेख! आईनं चहा नेला तरी 'श्शू!' आणि स्मरणिका समितीनं काय करावं? हल्ली लोक यंत्राकडून लिहून घेतात म्हणून नियम केला, आलेला प्रत्येक लेख आधी तपासणाऱ्या यंत्रात घालायचा, यंत्रानं 'माणूस' म्हटलं तरच छापायचा. घातला. निकाल आला, चौऱ्याण्णव टक्के यंत्र! समितीचा चिटणीस म्हणजे बाबांचाच जुना विद्यार्थी, बिचारा फोनवर नुसता चाचरतोय, 'सर, गैरसमज नसावा, म्हणजे माझा विश्वास आहेच सर, पण ते यंत्र असं म्हणतंय सर, की... हे तुम्ही लिहिलेलं नाही.'

मी आतल्या खोलीत उशी तोंडात कोंबून हसलो. हसू नको तर काय करू? या माणसानं जन्मभर पोरांना हेच विचारलंय! कुणी जरा बरं लिहिलं की चष्म्यावरून बघणार, 'कुठून उतरवलंस?' मलाही विचारलंय, नववीत, भर वर्गात, निबंध हातात नाचवत. त्यानंतर मी निबंध लिहिले ते ठरवून भिकार लिहिले, म्हटलं घ्या, हा माझाच आहे, खात्री पटली? आणि आता तोच प्रश्न त्यांना कुणी विचारला, तर ज्याचा कान पिळता येत नाही, ज्याला बाकावर उभं करता येत नाही, ज्याच्या पालकांना बोलावता येत नाही अशानं! मानलं बुवा त्या यंत्राला!

पण बाबा हार मानणारे आहेत होय? मोठ्या आजाराचं निदान झाल्यावर माणूस जसं करतो, तसं, 'दुसऱ्याचं मत घेऊ. अजून असतीलच ना अशी यंत्रं? शोध.' शोधली. आणखी दोन. म्हटलं, आता तिघांचीच परीक्षा घेऊ. तिघांना एकच पेपर! एक, आईची सामानाची यादी, म्हणजे शंभर टक्के माणूस. दोन, मी यंत्राकडूनच लिहून घेतलेलं 'पहाटेचं सौंदर्य', म्हणजे शंभर टक्के यंत्र. आणि तीन, बाबांचा लेख.

पहिलं यंत्र, ते समितीचं, त्याचं नाव मी फौजदार ठेवलं. आधी आत टाकायचं, चौकशी मागाहून. आईची यादी दिली तर म्हणे एक्याण्णव टक्के यंत्र! आई पदराला हात पुसत आली, 'अगं बाई! अरे, साबण मी स्वतः आठवून लिहिलाय!' आणि 'पहाटेचं सौंदर्य'? अस्सल माणूस! बाबांना एवढा आनंद झाला, 'बघ! मूर्ख आहे ते! माझा लेख या मूर्खानं तपासला!' आणि टाळीसाठी हात पुढे केला हो माझ्यापुढे! मग लक्षात आलं कुणापुढे केला ते, आणि त्याच हातानं चष्मा पुसला.

दुसरं यंत्र, थोरले काका. म्हणजे आमचे थोरले काका नव्हेत, पण स्वभाव तोच. यादी दिली, 'माणसाचं असू शकेल.' पहाट दिली, 'माणसाचं नसेलच असं नाही.' बाबांचा लेख दिला, 'दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत, अंतिम निर्णय आपण घ्यावा.' अरे मग तुला कशाला विचारलं? घरातल्या प्रत्येक भांडणात काकांनी हेच केलंय आणि वर जेवून गेलेत!

पण तिसरं... आहाहा. तिसऱ्याला मानलं बुवा! तुम्हाला सांगतो, टक्के फेकून मोकळं होत नाही ते. एकेक वाक्य वाचतं, आणि जे यंत्राचं वाटतं त्याला पिवळा रंग लावतं. यादी, एक ठिपका पिवळा नाही. पहाट, आख्खी पिवळी. बरोबर की नाही? मी उठून उभा राहिलो. आयुष्यात इतका न्यायी परीक्षक मी पाहिला नव्हता, आणि मी परीक्षकाच्या घरात जन्मलोय!

मग टाकला बाबांचा लेख. 'शिक्षण हा केवळ पेशा नसून ते एक व्रत आहे', पिवळं. 'विद्यार्थी हीच माझी खरी संपत्ती', पिवळं. 'या प्रदीर्घ वाटचालीकडे वळून पाहताना मन भरून येते', हे तर इतकं पिवळं की पडद्याला कावीळ झाली. बाबा बघतायत. अहो, हीच वाक्यं त्यांनी प्रत्येक निरोप समारंभात म्हटली, सगळ्या मुख्याध्यापकांनी म्हटली, असलीच भाषणं चरून चरून तर यंत्र एवढं गुबगुबीत झालंय! बाबांनी यंत्राची नक्कल नव्हती केली. यंत्रानं बाबांची केली होती! आता हे समितीला कोण पटवणार? बाबा खुर्चीत असे बसले... हवा काढलेल्या फुटबॉलसारखे. मला वाटलं, आता मजा येईल. नाही आली हो.

आणि तेवढ्यात दिसलं. त्या पिवळ्या चिखलात एकच वाक्य पांढरं स्वच्छ. 'पहिल्या तासाला माझे पाय इतके लटपटले की मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभा राहिलो, आणि मुलांना वाटले, सर फार कडक आहेत.'

मी म्हटलं, "बाबा, हे खरं?"

"खोटं कशाला लिहीन?"

"मग असंच सगळं सांगा ना! मी टाईप करतो."

"असलं छापतात का कुठं? लोक काय म्हणतील?"

"लोक सध्या तुम्हाला यंत्र म्हणतायत."

हे लागलं. उठले, येरझारा घालायला लागले आणि सुरू! 'मी मुख्याध्यापक झालो, कारण माझ्याआधीच्या तिघांनी नको म्हटले.' पांढरं! 'तपासणीला साहेब आले तेव्हा प्रयोगशाळेत एक फुटकी नळी सोडून काही नव्हते, म्हणून किल्ली हरवली असे मीच सांगितले, किल्ली माझ्या मोज्यात होती.' पांढरं! आई दारात उभी राहून डोळे पुसेपर्यंत हसतेय, 'तरीच तुम्ही लंगडत आला होतात!' मी टाईप करतोय, हसतोय, आणि एकदम त्याच आवाजात, न थांबता, 'माझ्या मुलाचा निबंध हातात नाचवून मी भर वर्गात विचारले, कुठून उतरवलास. तो त्याचाच होता, हे मला पहिल्या ओळीतच कळले होते. तसे मला कधी लिहिता आले नाही, आणि ते मला सहन झाले नाही.'

माझी बोटं थांबली.

"थांबलास का? पूर्णविराम दे."

दिला. काय करणार?

तिन्ही यंत्रांत टाकलं. तिसरं, कोरं करकरीत पांढरं. फौजदार, नव्व्याण्णव टक्के माणूस, निर्दोष मुक्तता! आणि थोरले काका, तुम्हाला सांगतो, थोरले काकासुद्धा म्हणाले, 'बहुधा माणूसच.' बहुधा का होईना, माणूसच! मानलं बुवा!

समितीकडे पाठवलं. चिटणिसाचा फोन, स्पीकरवर. 'सर, काय लेख आहे! सगळ्यांनी दोनदा वाचला! पण सर... अडचण अशी झालीय, की हा वाचल्यावर बाकीचे सगळे लेख खोटे वाटायला लागलेत हो! आणि अध्यक्ष म्हणतात, ते किल्लीचं... संस्थेची शोभा... तर आपण असं करू का सर, तो परत पाठवलेला पहिला लेखच छापू? नियमाचं मी बघतो. पहिलं पान, फोटोसकट!'

बघा! जन्माचं स्वप्न ताटात वाढून आलंय. मला खात्री, आता म्हणणार, 'जशी समितीची इच्छा.' हेच म्हणत आलेत ना आजवर? आणि हा माणूस शांतपणे म्हणतो, "तो पहिला माझा नाही. दुसरा छापायचा नसेल तर फोटोही काढून टाका." आणि फोन ठेवला!

स्मरणिका आली. बाबा नाहीत तिच्यात. पहिल्या पानावर अध्यक्ष, लेख सगळा पिवळा, मी तपासला. आणि बाबा रोज सकाळी माझ्याशेजारी खुर्ची ओढतात, 'घे, पुढचं सांगतो', आणि माझ्या मनात त्यांच्याविरुद्ध जे जे साठवलं होतं ते ते स्वतःच सांगून टाकतात, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत! मी आता बोलायचं काय? आख्ख्या घरात हक्कानं चिडायला एकच बाप होता मला... तोही माणूस निघाला!