लिंबानीची भरलेली पिशवी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक बाम्बो म्सिस्का, व्यासपीठावरचे पाहुणे, अतिदक्षता विभागातले माझे सहकारी, दाराशी उभे राहिलेले रुग्णांचे सोबती, आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या औषधतज्ज्ञ, आपण सगळे आदरानं ज्यांना 'मायी' म्हणतो त्या एलिना गोंड्वे,

निरोपाला गोड बोलावं म्हणतात. पण मायी स्वतः कधी गोड बोलल्या आहेत का?

लिंबानी आठवतो? इथला, आपल्या झोम्बा शहरातलाच तरुण गवंडी. परांचीवरून पडला, जखमेतले जंतू रक्तात गेले. औषध चालू होतं, तरी ताप हटेना. लघवीची पिशवी मात्र भराभर भरायची. आपल्याकडे ती सोबत्यानंच रिकामी करायची, म्हणून त्याची आई दर वेळी ओरडायची, "पुन्हा भरली गं!" आणि आम्ही डॉक्टरमंडळी खूश. मूत्रपिंडं ठणठणीत!

मायी आल्या. "हसताय काय? औषध वाहून चाललंय त्यातून."

मी म्हटलं, "मायी, डोस पूर्ण दिलाय."

"कुणाचा पूर्ण? पुस्तकातल्या माणसाचा ना? तो निजलाय का इथं?"

त्यांनी डोस वाढवला, आणि एकदम न टोचता सलाइनमधून तासन्‌तास सावकाश सोडला. शेजारच्या आजीची मूत्रपिंडं थकलेली. तिचं तेच औषध कमी केलं. लिंबानीची आई बिथरली. "माझ्या पोराला इतकं, नि म्हातारीला एवढंसंच?"

मायी तिला म्हणाल्या, "तुमचा पोरगा उधळ्या आहे, बाई. आजी जपून वापरतात."

"बापावर गेलाय मेला!"

तो उधळ्या आज मागच्या रांगेत बसलाय. आजी घरी आहेत, सुनेशी भांडताहेत.

आणि बाम्बो म्सिस्का, आपण संचालक म्हणून हुकूम काढलात: मायी गेल्या की सगळ्यांना एकच डोस, म्हणजे गोंधळ नको. गोंधळ कुणाला नको? आपल्याला. आणि जीव कुणाचा जाणार? मागे बोलण्यापेक्षा समोर सांगते. मी हा हुकूम पाळणार नाही. सोमवारीही मी आधी पिशवी बघेन, मूत्रपिंडं तपासेन, मगच डोस ठरवीन. मला थांबवायचं असेल तर कचेरीतून थांबवू नका. खाटेपाशी या, आणि त्या रुग्णाच्या आईसमोर थांबवा.

मायी, डोळे पुसू नका, तुम्हाला शोभत नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना शब्द जास्त झाला असेल तर उदार मनानं सोडून द्या. डोस कमी पडला, तर मात्र मला सोडू नका.