नानांचे आळणी जेवण

हिलाल नानांच्या स्वयंपाकातले मीठ पूर्ण बंद झाले होते, तरीही त्यांचा रक्तदाब उतरत नव्हता. त्यापायी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली. अमळनेरच्या त्या दवाखान्यात निवृत्त रसायनशिक्षक कुंदनराव आपल्या नंबराची वाट पाहत बाकावर बसले होते. शेजारी नानांची बायको भिकुबाई आणि लेक रत्ना यांची जुंपली होती.

“माय, खरं सांग. लोणचं देतेस ना?”

“बरणी शेजारीनले दी टाकी.”

“पापड?”

“तेबी बंद. भाजी आळणी, वरण आळणी. तुना नाना ताटवर बसीसन रोज मना उद्धार करतस.”

कुंदनरावांचा संशय एव्हाना रक्तदाबाच्या यंत्रावर गेला होता.

“मग नाना खातात तरी काय?” रत्नाने विचारले.

“कळणानी भाकर. दोन्ही येळ, पोटभर.”

“भाकरीवर कुरकुर नाही करत?”

“कसाले करतीन? ती काय आळणी शे?”

“म्हणजे तू पिठात मीठ टाकतेस?”

“चिमूटभर बी नही. कळणामा मीठ गिरणीमाच पडस. ज्वारी, उडीद, मीठ, बठ्ठं संगेच दळतस.”

“माय, दळणात मीठ कोण घालतं?”

“मीच. डॉक्टरनी सयपाकनं मीठ बंद करं. हाई तर दळण शे.”