पहिल्या रांगेतला हात

जबाब देणार: स्त्री, वय ३६ वर्षे. धंदा: विनोदी एकपात्री कार्यक्रम करणे. जाहिरातीत 'चुळबुळ' या नावाने ओळख. राहणार: पतीच्या शिलाईच्या दुकानावर, दुसरा मजला. सध्याचा मुक्काम: ठरलेला नाही.

मला कोणी बोलावलेले नसून मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे व विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे राहतो. मी वर्षातले बरेच दिवस बाहेरगावी असते. गाडी माझे धाकटे दीर चालवतात. माईक, स्पीकर, दिवे तेच बघतात आणि दारावर तिकिटेही तेच फाडतात. कार्यक्रम ठरवण्याचे काम एक गृहस्थ करतात. आम्ही सगळे कलाकार त्यांना मामा म्हणतो. ते नात्याने कोणाचेच मामा नाहीत.

'चुळबुळ' हे नाव माझ्या वडिलांनी ठेवले. लहानपणी मला एका जागी बसता येत नसे. अजूनही येत नाही. हा जबाब चालू असताना मी उठून खिडकीपर्यंत गेले होते. हवालदार साहेबांनी बसण्यास सांगितल्यावर बसले.

धंद्याचे स्वरूप विचारल्यावरून सांगते की, मी रंगमंचावर एकटी उभी राहून तासाभराहून जास्त बोलते. नवरा, सासू, दातांचे डॉक्टर, शेजारी असे विषय असतात. उदाहरणार्थ, 'मी नवऱ्याला विचारलं, मी गावोगाव फिरते, तुला माझी आठवण येते का? तो म्हणाला, येते ना, कपाटाच्या चाव्या सापडेनात की लगेच येते.' यावर लोक हसतात. माझ्या पतींनी असे कधी म्हटलेले नाही. ते फोनवर 'जेवलीस का' एवढेच विचारतात. त्यावर कोणी हसणार नाही म्हणून ते कार्यक्रमात घेतलेले नाही.

मुक्काम बहुधा कार्यक्रमाच्या गावीच असतो. खोलीवर गेल्यावर मी बॅग उघडते, पण सामान बाहेर काढत नाही. कार्यक्रमाचा शर्ट बेसिनमध्ये धुऊन पंख्याखाली वाळत घालते. सकाळी जाग आल्यावर न्हाणीघर कोणत्या बाजूला आहे हे पटकन कळत नाही, त्यामुळे कपाळाला दोन वेळा खोक पडलेली आहे. डाव्या भुवईवरील व्रण त्याचाच आहे, त्याचा या घटनेशी संबंध नाही. गाडीत मी नवीन विनोद दिरांना ऐकवते. ते आता हसत नाहीत. विनोद चांगला असला तर खोकतात.

कार्यक्रमात मी पहिल्या रांगेतील लोकांशी बोलते. दिवे माझ्या तोंडावर असल्याने मला पहिल्या रांगेपलीकडे काही दिसत नाही. मागचे लोक मला फक्त ऐकू येतात. पहिल्या रांगेतल्यांचे मात्र चेहरे, हात, चपला सगळे दिसते. तिथे बसणाऱ्याची थोडी फिरकी घ्यायची, हा या धंद्यातला रिवाज आहे. लोकांनाही तो माहीत असतो.

गेल्या रविवारी दुपारचा कार्यक्रम या गावातील सभागृहात होता. पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला, एक जोडपे बसले होते. त्यांची व माझी ओळख नव्हती. पुरुष साठीकडे झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवण्याचे काम करत, हे मला नंतर कळले. शेजारी त्यांच्या पत्नी होत्या. चाव्यांच्या विनोदावर ते गृहस्थ मोठ्याने हसले व त्यांनी पत्नीला कोपराने ढोसले. हे मी पाहिले.

त्यानंतर मी दातांच्या डॉक्टरांचा किस्सा सुरू केला. तो मध्यावर आला असता त्या गृहस्थांची मान छातीवर पडलेली दिसली. ते झोपले असे मला वाटले. माझ्या कार्यक्रमात माणसे झोपतात. दुपारच्या कार्यक्रमात जास्त झोपतात. मी किस्सा थांबवून म्हणाले, 'बघा, दातांच्या डॉक्टरला जे इंजेक्शन देऊन जमत नाही, ते मी नुसतं बोलून केलं.' लोक हसले.

त्यावेळी त्यांच्या पत्नीने त्यांना उठवण्यासाठी हात पुढे केला. उजवा हात. तो त्यांच्या दंडापर्यंत पोचत आला होता. मी म्हणाले, 'राहू द्या हो वहिनी, उठवू नका. घरी तुम्ही झोपू देत नाही, इथे मी जागं राहू देत नाही. माणसानं जायचं कुठं?'

हे वाक्य टंकताना हवालदार साहेबांनी ते पुन्हा सांगण्यास सांगितले. मी पुन्हा सांगितले.

त्या वाक्याला टाळ्या पडल्या. तयारी न करता सुचलेल्या वाक्याला इतक्या टाळ्या फार क्वचित पडतात. बाईंनी हात मागे घेतला, पदर तोंडाला लावला आणि त्याही हसल्या. चारचौघांत एखादीची थट्टा झाल्यावर ती जशी हसेल, तशा हसल्या.

मी किस्सा पुढे नेला. किती वेळ गेला हे नेमके सांगता येत नाही. किस्सा पुरा होण्याइतका गेला. टाळ्या पडलेली गोष्ट तिथेच सोडायची नसते, तिच्याकडे परत जायचे असते, म्हणून मी परत गेले. मी ओठांवर बोट ठेवून सगळ्या सभागृहाला म्हणाले, 'श्श. हळू. साहेब झोपलेत.' मागच्या रांगांतूनही श्श असा आवाज आला, बाईही पदराआड हसल्या. मग सगळे गप्प झाले. एवढे मोठे सभागृह मी हसवू शकते हे मला माहीत होते, गप्प करू शकते हे माहीत नव्हते.

त्या शांततेत बाई म्हणाल्या, 'अहो.'

लोक हसले.

बाई परत म्हणाल्या, 'अहो!'

तेव्हा मी माईक खाली ठेवला आणि दिरांना ओरडून सांगितले, 'भावजी, दिवे लावा!' सभागृहातले दिवे लागले. मी खाली उडी मारून गेले. प्रेक्षकांतल्या एक डॉक्टरीणबाई धावत आल्या. आम्ही त्या गृहस्थांना खुर्चीवरून खाली निजवले, डॉक्टरीणबाईंनी छाती दाबण्यास सुरुवात केली. काही लोकांना तेव्हाही हा कार्यक्रमाचाच भाग वाटत होता. रुग्णवाहिका आली. मी आणि दीर आमच्या गाडीने मागोमाग गेलो. हॉस्पिटलमध्ये त्यांना मयत घोषित करण्यात आले.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारले की, आधी कळले असते तर वाचले असते का. ते म्हणाले, झटका मोठा होता, फरक पडला असता किंवा नसता, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी तेच सांगितले.

सोमवारी पुढच्या गावी कार्यक्रम होता, तो मी केला. लोक हसले. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिथून आम्ही त्याच्या पुढच्या गावी गेलो. तिथल्या लॉजच्या काउंटरवरील मुलीने मोबाइल दाखवून विचारले, 'मॅडम, ह्या तुम्हीच ना?' रविवारच्या कार्यक्रमाचे चित्रण कोणीतरी मागच्या बाजूने केले होते. ते 'श्श' पासून सुरू होते. त्यात मयताची कललेली मान दिसते आणि शेजारी पत्नीचे खांदे हसण्याने हलताना दिसतात. त्याआधीचे काही नाही आणि पुढचे 'अहो'ही नाही. खाली अनोळखी लोकांनी त्या बाईंविषयी जे लिहिले आहे ते मी इथे सांगू इच्छित नाही.

त्याच दिवशी मामांचा फोन आला. मयताच्या थोरल्या भावाने तक्रार दिल्याचे त्यांनी सांगितले. नवरा शेजारी मरत असताना भावजय हसत बसली, तिने त्याला हातसुद्धा लावला नाही, असे तक्रारीत असल्याचे समजले. 'मी उठवायला गेले होते,' असे बाई सांगत आहेत, पण ते चित्रणात नाही, म्हणून कोणी मानत नाही.

मी म्हणाले, 'मामा, ती खरं बोलतेय. मी पाहिलाय तिचा हात.'

मामा म्हणाले, 'तू काही पाहिलं नाहीस. त्यात तू फक्त श्श म्हणतेस. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. चार दिवस लोक बोलतील, मग नवीन काहीतरी सापडेल त्यांना.'

मी म्हणाले, 'आणि त्या बाईचं काय?'

मामा म्हणाले, 'ती काय गावोगाव कार्यक्रम करते का? तुझं पोट यावर आहे.'

मी फोन बंद केला. खोलीत बसवेना म्हणून खाली गाडीजवळ गेले. दीर चाकातली हवा बघत होते. मी त्यांना सगळे सांगितले, तो हात मी कसा थांबवला तेही. दिरांना ते माहीत नव्हते. ते मागे स्पीकरजवळ होते, तिथून टाळ्या ऐकू येतात, हात दिसत नाहीत. ते चाकाजवळून उठले. मग म्हणाले, 'वहिनी, बॅग घेऊन या.' मी म्हणाले, 'संध्याकाळचा कार्यक्रम?' ते म्हणाले, 'तो मी बघतो काय सांगायचं ते.' बॅग भरायला वेळ लागला नाही.

आज सकाळी इथे पोचल्यावर मी आधी त्या बाईंकडे गेले. त्या सध्या धाकट्या बहिणीकडे राहतात. दार त्यांनीच उघडले. त्यांनी मला ओळखले. आत या म्हणाल्या. खोलीत एक पलंग, शिवणयंत्र आणि खिडकीत वाळत घातलेले लहान मुलांचे मोजे होते. बहीण आतून पाणी घेऊन आली, माझ्याकडे न बघता ठेवून गेली.

मी उभीच होते. बाई म्हणाल्या, 'बसा की. तिथेही सारख्या इकडून तिकडे करत होता.' मी बसले.

मी म्हणाले, 'तुम्ही हात पुढे केला होता. मी पाहिलाय.'

त्या म्हणाल्या, 'पाहिलात ना तुम्ही?' असे त्यांनी लागोपाठ दोनदा विचारले. नंतर म्हणाल्या, 'मलाच वाटायला लागलं होतं की मी नव्हताच केला. इतके जण सांगतात म्हटल्यावर आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं.'

मी म्हणाले, 'मी ठाण्यात जाऊन सांगते. मी काय बोलले तेही सांगते.'

त्या म्हणाल्या, 'मग लोक तुम्हाला धरतील.'

मी म्हणाले, 'धरू दे.'

मला उठावेसे वाटत होते, पण उठले नाही. मग त्यांनी मला विचारलेले नसताना सांगितले, 'पुढे बसायचा हट्ट त्यांचाच होता. म्हणाले, आयुष्यभर दुकानात आतल्या बाजूला बसलो, आज पुढे बसू. आणि खोटं कशाला सांगू, तुम्ही वहिनी म्हणालात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढ्या लोकांतून तुम्ही आम्हा दोघांनाच निवडलंत. म्हणून हसले मी. हे कोणाला सांगितलं तर चालेल का हो? तिथं लिहितात का असलं?'

मी म्हणाले, विचारून बघते. इथे आल्यावर हवालदार साहेबांना विचारले. ते म्हणाले, लिहू. म्हणून लिहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच की, सदर बाईंनी पतीला उठवण्याचा प्रयत्न केला होता. तो प्रयत्न चित्रणाच्या आधीचा आहे. पत्नीचा हात मी थांबवला. त्यांचे हसणे माझ्या बोलण्यामुळे होते. पतीला काय झाले आहे याची त्यांना कल्पना नव्हती, मलाही नव्हती. फरक एवढाच की त्यांना शंका आली होती आणि मला टाळ्या आल्या होत्या.

मामांनी पुढील कार्यक्रम रद्द केल्याचे दिरांकडून समजले. दीर बाहेर गाडीत आहेत. घरी फोन केला असता पतींनी सगळे ऐकून घेतले व जेवलीस का असे विचारले. पुढील चौकशीस बोलावल्यास मी वरील पत्त्यावर घरीच मिळेन. कधीपर्यंत, ते आज सांगता येत नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना मी उभी होते, त्यांनी या वेळी बसण्यास सांगितले नाही. जबाबात एके ठिकाणी 'पत्नीचा हात मध्येच थांबला' असे टंकले गेले होते. ते खोडून 'पत्नीचा हात मी थांबवला' असे माझ्या सांगण्यावरून करण्यात आले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.