तंबूच्या खिडक्या

माया तंबू उंदरानं कुरतडला, तवा जो तो म्हने, "नवा घे." आता एका भोकासाठी कोनी अख्खा तंबू फेकते काय? मी हट्टालेच पेटलो. तळ्यावर पाखरं पाहाले जाईन त याच तंबूत झोपीन! नेला शेलूबाजारले, ताडपत्र्या शिवनाऱ्या गफूरचाचाकडे. त्यायची ताडपत्री सोयाबीनच्या गंजीवर टाकली, की थेंब आत जात नाही.

चाचा म्हने, "ठेवून जाय, सांजीले घेऊन जाजो."

सांजीले गेलो. ठिगळ असं पक्कं, की बैलानं ओढलं तरी निघनार नाही. पन दोन्ही खिडक्यांच्या जाळ्या गायब! त्यायच्यावर बी जाड ताडपत्री शिवून टाकलेली.

"चाचा, खिडक्या काहून बुजवल्या?"

"तू म्हने एकच भोक हाय. मले त त्या जाळीत हजार दिसले. एक जरी राह्यलं असतं, त तुयं सोयाबीन भिजलं असतं."

"चाचा, याच्यात सोयाबीन नाही, मी झोपतो!"

चाचानं कपाळावर हात मारला, टाके उसवाले ब्लेड माया हातात देल्लं अन् म्हने, "मंग पयलेच सांगाचं ना! मानूस भिजला त वाळते."